ज्याचा पिंड त्याचे काम : शेठ वालचंद हिराचंद

सज्जनहो, कीर्तन आटोपते, आरती होते, आणि मंडळी पांगू लागली की एखादा बाप आपल्या पोराचा हात धरून आमच्यापुढे येतो. त्याचे गाऱ्हाणे ठरलेले. घरचे दुकान आहे, शेत आहे, माग आहे. पण पोराचे चित्त तिथे लागत नाही. रागवावे तर पोर तुटते, सोडून द्यावे तर मागचे कोण सांभाळणार? हा प्रश्न हसण्यावारी नेण्याचा नव्हे. त्यात एका घराची भाकरी आणि एका जीवाचे आयुष्य, दोन्ही अडकलेली असतात. अशा वेळी आम्ही आपल्या सोलापूरच्याच एका पुरुषाचे चरित्र सांगतो.

शेठ वालचंद हिराचंद दोशी ह्यांचा जन्म सोलापुरास २३ नोव्हेंबर १८८२ रोजी झाला. घराणे मूळचे गुजरातेतले, धर्माने दिगंबर जैन. पण सोलापूरच्या मातीत पुरते मुरलेले. वडील हिराचंद नेमचंद. घरात सावकारी आणि कापसाचा व्यापार. वालचंद मुंबईस सेंट झेवियर कॉलेजात आणि पुण्यास डेक्कन कॉलेजात शिकले; पण पदवी न घेताच परतले आणि रीतीप्रमाणे पेढीवर बसले. आता बघा, ह्यात उणे काय होते? गादी तयार, पत तयार, गिऱ्हाईक तयार. पण बसून व्याज मोजावे, भाव चढण्याची वाट पाहावी, हे त्यांच्या पिंडाला मानवेना. आळशी होते म्हणून नव्हे बरं का. त्यांच्या अंगी जी शक्ती होती, तिला त्या गादीवर पाय पसरायला जागाच नव्हती.

ह्याच सुमारास त्यांची गाठ लक्ष्मण बळवंत फाटक ह्यांच्याशी पडली. फाटक पूर्वी रेल्वेत कारकून होते, पुढे कंत्राटदारीत पडले. त्यांना कामाची माहिती होती, पण भांडवल नव्हते. वालचंदांपाशी घरची पत होती, धाडस होते, पण कामाची माहिती नव्हती. दोघांनी भागीदारी केली आणि आरंभ केला तो आपल्या बार्शी लाइट रेल्वेच्या कामावर. जुन्या वारकऱ्यांना ही गाडी ठाऊक आहे. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची ती चिमुकली गाडी १९०६ पासून कुर्डुवाडीहून पंढरपुरास येऊ लागली आणि तिने किती भाविक विठोबाच्या दारी आणून सोडले, त्याची गणती नाही. त्याच रेल्वेचा बार्शीच्या पूर्वेस येडशीच्या बाजूचा थोड्या मैलांचा फाटा घालण्याचे काम हा ह्या भागीदारांचा पहिला धडा.

तिथे वालचंदांना आपली ओळख पटली. माणसे जमवावीत, पैसा उभा करावा, अडचण आली की वाट काढावी, आणि काल जिथे माळ होता तिथे आज काहीतरी उभे दिसावे, ह्यातच त्यांचा जीव रमला. मग काम वाढतच गेले. बोरघाटातले रेल्वेचे बोगदे, तानसा तलावाचे पाणी मुंबईस नेणारे नळ, सिंधू नदीवरचा पूल. १९२६ साली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी निघाली.

१९१९ साली ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांची लॉयल्टी ही आगबोट विकाऊ असल्याचे त्यांना कळले. समुद्रावर तेव्हा इंग्रज कंपन्यांची सत्ता. तरी नरोत्तम मोरारजी आदी मंडळींसह त्यांनी ती घेतली, सिंदिया कंपनी काढली, आणि ५ एप्रिल १९१९ रोजी बोट मुंबईहून लंडनला निघाली. तो दिवस आज देशात सागरी दिन म्हणून पाळतात. पण यश काही लगेच पदरात पडले नाही हो! इंग्रज कंपन्यांनी भाडी पाडली, १९२३ साली बंधनांचा करार पत्करावा लागला, आणि लॉयल्टी त्याच साली मोडीत गेली. कंपनी मात्र टिकली. १९४१ साली विशाखापट्टणमला गोदीची पायाभरणी झाली आणि तिथे बांधलेली जलउषा ही बोट १४ मार्च १९४८ रोजी पाण्यात उतरली. मधल्या काळात, १९४० साली, बंगळुरास विमानाचा कारखाना आणि १९४४ साली मोटारींची प्रीमियर कंपनी त्यांनी काढली. तुकोबांच्या पालखीच्या वाटेवरील इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसले, तेही त्यांच्याच नावाने.

विमानाचा कारखाना १९४२ साली सरकारकडे गेला, गोदीही पुढे गेली. लावलेले झाड दुसऱ्याच्या अंगणात गेले, तरी त्यांनी लावणे थांबवले नाही. १९४९ साली पक्षाघाताने त्यांना गाठले, आणि ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूर येथे त्यांनी देह ठेवला.

आता त्या बापाला आम्ही काय सांगतो? पहिले हे, की वालचंदांनी गादी सोडली, घर सोडले नाही. घरची पत पाठीशी होती म्हणून पहिले कंत्राट झाले, आणि पुढे गुलाबचंद, लालचंद, रतनचंद हे बंधू कारभाराला होते म्हणून एवढा पसारा तरला. आरंभ करणाऱ्याला सांभाळणारा लागतो. दोघांचे पिंड निराळे, दोघेही खरे. दुसरे हे, की त्यांनी एकदम समुद्रात उडी घेतली नाही. आधी चिमुकल्या गाडीचे थोडे मैल, तेही जाणत्याच्या सोबतीने. तेव्हा पोराला नुसते मोकळे सोडू नका आणि बांधूनही ठेवू नका. त्याचा हात कशात चालतो ते वर्षभर निरखा, त्या कामातला जाणता माणूस गाठून द्या, आणि लहानसे काम त्याच्यावर सोपवा. मन लागले तर ते हातच सांगतील.

शास्त्रात स्वभावनियत कर्म म्हणतात ते हेच. पेढीवर चुळबुळणारे ते पोर दोष घेऊन जन्मले नव्हते. त्याची जागा तेवढी दुसरीकडे होती. ती सापडेपर्यंत घराने धीर धरला, ही त्या घराचीही पुण्याई.