इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे जनक : अर्न्स्ट रुस्का

विद्यार्थी मित्रांनो, थोर हकीम आणि रसायनवेत्ते अबू बक्र अर-राझी यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्यांच्या अरबी रसायनग्रंथाचे जर्मन भाषांतर विसाव्या शतकात युलिउस रुस्का या जर्मन विद्वानाने केले. मुस्लिम रसायनवेत्त्यांच्या संशोधनात या गृहस्थांनी आयुष्य वेचले. त्यांच्याच घरात २५ डिसेंबर १९०६ रोजी हायडेलबर्ग येथे अर्न्स्ट रुस्का यांचा जन्म झाला. सात भावंडांत ते पाचवे.

वडिलांच्या अभ्यासिकेत एक मोठा सूक्ष्मदर्शक होता. मुलांच्या हातून तो बिघडेल म्हणून त्याला हात लावायची सक्त मनाई होती. वडील अधूनमधून एखादी वस्तू दाखवीत, तेवढेच. पण त्या यंत्राची ओढ छोट्या अर्न्स्टच्या मनात कायमची घर करून राहिली.

पुढे म्युनिक व बर्लिन येथे त्यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. बर्लिनच्या तांत्रिक महाविद्यालयात १९२८ साली माक्स क्नोल यांच्या हाताखाली ते काम करू लागले. प्रकाशाने पाहणाऱ्या सूक्ष्मदर्शकाला एक मर्यादा आहे. एका मिलिमीटरचे पाच हजार भाग केले, तर त्यांतील एका भागाहून लहान तपशील त्यात स्पष्ट दिसत नाही. भिंग कितीही उत्तम घासा, उपयोग नाही. अडचण प्रकाशाच्या लहरीतच आहे. इलेक्ट्रॉनची लहर त्याहून कितीतरी आखूड असते. तारेच्या वेटोळ्यात वीज सोडली की तयार होणारे चुंबकीय क्षेत्र इलेक्ट्रॉनांना वळवते, जसे भिंग प्रकाशाला वळवते. रुस्कांनी हेच वेटोळे भिंग म्हणून वापरले. १९३१ साली अशी दोन भिंगे एकापुढे एक ठेवून त्यांनी वस्तूची प्रतिमा मिळवली. ती अवघी सुमारे १७ पट मोठी होती! परंतु १९३३ च्या अखेरीस त्यांच्या नव्या यंत्राने सुमारे १२,००० पटींचा पल्ला गाठला व प्रकाश-सूक्ष्मदर्शकाला मागे टाकले.

एवढे करूनही जगाने पाठ फिरवली. इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने कापसाचा तंतू यंत्रात करपून जाई. जी वस्तू पाहायची तीच जाळणारे यंत्र काय कामाचे, असे जाणकार विचारीत. पैसा मिळेना. रुस्कांना टेलिव्हिजनच्या कारखान्यात नोकरी धरावी लागली. तीन वर्षे त्यांनी, त्यांचे सहकारी बोडो फोन बोरीस यांनी आणि धाकटे बंधू हेल्मुट यांनी दारोदार खटपट केली. हेल्मुट वैद्यकाचे अभ्यासक. रोगांचे विषाणू या यंत्रातून दिसतील अशी त्यांची खात्री होती. अखेर हेल्मुट यांच्या गुरूंनी, प्राध्यापक झीबेक यांनी, १९३६ साली शिफारस लिहिली आणि पुढच्या वर्षी सीमेन्स कंपनी पुढे आली. १९३९ मध्ये पहिले यंत्र विक्रीला बाहेर पडले. १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात त्यांची प्रयोगशाळा उद्ध्वस्त झाली, तरी युद्धानंतर पुन्हा काम उभे राहिले.

जे यंत्र विषाणू पाहण्यासाठी धडपडले, त्याने पुढे धातूंचेही गुपित उघडले. वाचकहो, धातूत अणूंच्या रांगा शिस्तीने मांडलेल्या असतात. यालाच स्फटिक म्हणतात. सगळ्या रांगा एकदम सरकवायच्या तर जेवढा जोर हिशेबाने लागावा, त्याच्या कितीतरी कमी जोराने धातू वाकतो. असे का? मोठी सतरंजी एकदम ओढणे जड जाते. पण तिला एक सुरकुती पाडून ती पुढे ढकलत नेली, तर सतरंजी सहज सरकते. स्फटिकातही अशीच एक दोषरेषा सरकत असावी, असा तर्क १९३४ साली टेलर, ओरोवान व पोलानी या तिघांनी स्वतंत्रपणे मांडला होता. तिला स्थानभ्रंश म्हणतात. पण तो पाहिला कोणी? रुस्कांच्या देखरेखीखाली सीमेन्सने १९५४ साली नवे यंत्र तयार केले. त्याच जातीच्या यंत्रातून केंब्रिजच्या हर्श, हॉर्न व व्हेलन यांनी १९५६ साली अॅल्युमिनियमचा अतिशय पातळ पापुद्रा पाहिला, आणि त्या रेषा डोळ्यांदेखत सरकताना दिसल्या! बावीस वर्षांच्या तर्काला पुरावा मिळाला. विमानाच्या इंजिनातील मिश्रधातू असोत की संगणकातील सिलिकॉन, त्यांतील दोष आज याच मार्गाने तपासले जातात.

१९८६ साली रुस्कांना भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. पहिल्या प्रतिमेला तेव्हा ५५ वर्षे झाली होती. हेल्मुट मात्र १९७३ मध्येच वारले होते. मे १९८८ मध्ये अर्न्स्ट रुस्कांनीही जगाचा निरोप घेतला.

विद्यार्थी मित्रांनो, पहिल्या प्रयत्नात १७ पटच हाती आले म्हणून रुस्का थांबले नाहीत, हे ध्यानात ठेवा. आणि पालकांनो, गुणपत्रिका जरूर पाहा, पण मुलामुलींनी प्रयोगशाळेत स्वतःच्या हाताने काय केले, हेही विचारा. सूक्ष्मदर्शक कपाटात कुलूप लावून ठेवला तर तो सुरक्षित राहील खरा. पण त्यातून काही दिसणार नाही. इल्म वाढते ते हाताळल्याने, आणि राझींच्या वारसांना तरी हे वेगळे सांगायला नको.