दुकानदाराच्या मुलाने दिलेला निकाल

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात चौतीस वर्षे काम केलेले न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक भाषणस्वातंत्र्याचे कडवे पुरस्कर्ते म्हणून विख्यात आहेत. किराणा दुकानांच्या विलीनीकरणावरील त्यांचा १९६६ चा निकाल मात्र बहुधा चुकीच्या अर्थशास्त्राचा नमुना म्हणूनच सांगितला जातो. हा शिक्का कितपत न्याय्य आहे, हे पाहायचे तर त्यांच्या आयुष्याकडे वळावे लागते.

ब्लॅक यांचा जन्म २७ फेब्रुवारी १८८६ रोजी अलाबामा राज्यातील क्ले परगण्यात झाला. वडिलांचे ॲशलंड या लहानशा गावी दुकान होते. त्या मुलखात कापूस पिकविणारे शेतकरी उधारीवर माल नेत आणि पीक हाती आले की देणे फेडीत. म्हणजे गावचा दुकानदार हा काही निव्वळ दुबळा प्राणी नव्हता. १९०६ साली कायद्याची पदवी घेऊन ब्लॅक बर्मिंगहॅमला वकिली करू लागले. अपघातात जायबंदी झालेल्या कामगारांचे खटले त्यांनी लढविले. पण १९२३ मध्ये कू क्लक्स क्लान या वर्णद्वेषी संघटनेचे सदस्यत्वही पत्करले. दोन वर्षांनी त्यांनी ते सोडले, तरी तो डाग पुसला गेला नाही. शाळांतील वर्णभेद अवैध ठरविणाऱ्या १९५४ च्या एकमुखी निकालात ते सहभागी होते, हेही त्याबरोबरच नोंदविले पाहिजे.

१९२७ ते १९३७ या काळात सिनेटमध्ये असताना साखळी दुकानांच्या वाढत्या पसाऱ्यावर त्यांनी टीका केली. त्यांचा आक्षेप केवळ भावांबद्दल नव्हता. स्वतंत्र व्यापारी गेला की त्याच्या जागी दूरच्या मालकाचा पगारी नोकर येतो आणि गावाच्या कारभारात स्वतःच्या मताने बोलणारा एक माणूस कमी होतो, अशी त्यांची धारणा होती.

पुढे याच प्रश्नाचा खटला त्यांच्यासमोर आला. १९६० मध्ये लॉस एंजेलिस येथील व्हॉन्स आणि शॉपिंग बॅग या दोन किराणा कंपन्या एकत्र आल्या. विक्रीत त्यांचा क्रमांक तिसरा व सहावा होता. तरीही दोहोंचा मिळून वाटा अवघा साडेसात टक्के. खालच्या न्यायालयाने सरकारचा दावा फेटाळला होता. ब्लॅक यांनी मात्र दुसऱ्याच आकड्यावर बोट ठेवले. त्या शहरात एकच दुकान चालविणारे मालक १९५० मध्ये ५,३६५ होते. १९६१ मध्ये ३,८१८ उरले. बहुमताच्या वतीने त्यांनी दोन्ही कंपन्या विलग करण्याचा आदेश दिला.

टीकाकारांचे म्हणणे असे की, साडेसात टक्क्यांच्या बळावर कोणी भाव ठरवू शकत नाही. न्यायमूर्ती पॉटर स्ट्यूअर्ट यांनीही, दुकानांची संख्या घटणे म्हणजे स्पर्धा घटणे नव्हे, असे भिन्नमत नोंदविले. भावापुरते ते खरेच आहे. परंतु १९५० मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायद्यात सुधारणा केली होती ती एकत्रीकरणाचा ओघ आरंभीच अडविण्यासाठी. ब्लॅक यांनी तो हेतू शब्दशः मानला. मक्तेदारी पुरती प्रस्थापित होईपर्यंत थांबायचे, तर तोवर माल पुरविणाऱ्या शेतकऱ्याला दुसरे गिऱ्हाईक आणि दुकानातील कामगाराला दुसरा मालक उरत नाही. केवळ ग्राहकाच्या पावतीत हे नुकसान दिसत नाही.

प्रकृती ढासळल्याने १७ सप्टेंबर १९७१ रोजी ब्लॅक निवृत्त झाले आणि आठच दिवसांनी वारले. १९८० नंतर सरकारी धोरण सैल झाले. १९८८ मध्ये व्हॉन्सने सेफवे कंपनीची दक्षिण कॅलिफोर्नियातील दुकाने घेतली. १९९७ मध्ये सेफवेने व्हॉन्सलाच गिळले, आणि २०१५ मध्ये सेफवे अल्बर्टसन्सकडे गेली. २०२२ मध्ये क्रोगरने या अल्बर्टसन्सला सुमारे २,४६० कोटी डॉलरना विकत घेण्याचा करार जाहीर केला. १० डिसेंबर २०२४ रोजी ऑरेगनमधील संघीय न्यायालयाने तो रोखला, तेव्हा अल्बर्टसन्सच्या पोटात व्हॉन्सची दुकानेही होती.