खिऱ्याचं तोंड आणि बिब्याची गोडंबी

जळगावला लागूनच असोदे हे गाव आहे. या गावात उखाजी महाजनांच्या घरी १८८० साली नागपंचमीच्या दिवशी एक मुलगी जन्मली. आईचे नाव भिमाई. घर शेतकऱ्याचे, तीन भाऊ, तीन बहिणी, माणसांचा राबता मोठा. मुलीचे नाव बहिणा. तेराव्या वर्षी जळगावच्या नथुजी खंडेराव चौधरी यांच्याशी तिचे लग्न झाले. शाळेची पायरी तिने कधी चढली नाही.

पुढची गोष्ट खान्देशात सगळ्यांना ठाऊक आहे असे आपण धरून चालतो. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, शाळेच्या फळ्यावर बहिणाबाईंची एखादी ओळ असतेच. पण भिंतीवर रंगवलेली ओळ वाचून वाटते, की बाई मोठी सुखी होती आणि सुखातून लोकांना शहाणपण शिकवीत होती. तसे काही नव्हते, बरं का.

वयाच्या तिसाव्या वर्षी त्यांना वैधव्य आले. पदरात ओंकार, सोपान आणि काशी ही मुले. सोपानचा जन्म १९०७ चा, म्हणजे बाप गेला तेव्हा पोर जेमतेम तीन वर्षांचे. प्लेगने ओंकारला कायमचे अपंगत्व दिले. त्या काळात विधवा बाईने वावर सांभाळायचे, भाऊबंदकीत निभावून न्यायचे, म्हणजे काय असते ते खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. या दुःखावरचे त्यांचे गाणे आहे. त्यात रडणे आहेच, पण हातातल्या बांगड्या गेल्या तरी मनगट शिल्लक आहे, हा हिशेबही आहे. आपले नशीब सांगायला येणाऱ्या ज्योतिषालाही त्यांनी एका गाण्यात दारातूनच परत पाठवले आहे.

मग हे बळ आणले कुठून? पोथीतून आणावे तर वाचता येत नव्हते. त्यांनी ते घरातल्या आणि शेतातल्या वस्तूंकडून घेतले. चुलीवरच्या तव्याची गोष्ट सर्वांना पाठ आहे, ती इथे पुन्हा सांगत नाही. त्याच गाण्यात पुढे खिरा येतो, बिबा येतो, त्याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही.

वेलावरचा खिरा तोडला की त्याचे एक तोंड कडू निघते. आपण काय करतो? तेवढे कापतो, घासतो, फेस काढतो आणि बाकीचा खातो. अख्खा खिरा उकिरड्यावर कोणी टाकत नाही. बिब्याचे तसेच. सातपुड्याकडच्या माणसाला बिबा सांगायची गरज नाही, तेल अंगाला लागले तर फोड येतात. पण त्याच बिब्याच्या माथ्यावरचे फूल गोड आणि फोडला तर आतली गोडंबी खाण्याजोगी. संसाराला नुसता बिबा म्हणून नावे ठेवणाऱ्याला बहिणाबाई ही गोडंबी दाखवतात. बिबा उततो हे त्या नाकारत नाहीत. मला त्यांचे हेच मोठेपण वाटते.

विहिरीवरच्या मोटा आता गेल्या, नव्या पोरांना मोटारीचे बटण ठाऊक. बैल धावेवरून उतरले की भरलेली मोट वर यायची, थारोळ्यात रिकामी व्हायची, बैल मागे सरले की पुन्हा खाली. एका विहिरीवर दोन मोटा असल्या की एक भरलेली, एक रिकामी, आणि पाणी एकच. रोज पाहायचे दृश्य. त्यांना त्यात माणसाचे जगणे दिसले.

मनाचे म्हणाल तर त्यांनी त्याला उभ्या पिकात शिरणारे वढाळ ढोर केले. हाकलले तरी फिरून तिथेच. सरपंच-तलाठ्यांना हे लवकर पटेल, कारण ढोर कोंडवाड्यात घालता येते, मन घालायला अजून कोंडवाडा निघालेला नाही.

आणि सुगरणीचा खोपा. विहिरीवर झुकलेल्या बाभळीला, सिंदीला हे खोपे आजही लोंबताना दिसतात. पाण्यावर आणि काट्यात, म्हणजे साप-मांजराला सहज पोचता येऊ नये. पक्ष्यांचे जाणकार सांगतात की विणकाम नर करतो, मादी पारखून घेते. बहिणाबाईंनी ते सुगरणीच्या नावावर घातले. शास्त्राने चूक असेल, पण हात नसताना केवळ चोचीने घर बांधता येते, हे त्यांचे पाहणे खोटे नाही. दोन हात असून रिकामे बसणाऱ्याला ते झोंबते.

ही गाणी लेवा बोलीतली. जात्यावर, चुलीपुढे, पेरणी-कापणीत, उपणणीच्या वेळी सुचलेली. बाई म्हणायच्या आणि कामाला लागायच्या. मुलगा सोपानदेव पुढे स्वतः नामांकित कवी झाला. त्याने आणि एका नातेवाइकाने जमेल तेवढी टिपून ठेवली, म्हणून ती उरली. ३ डिसेंबर १९५१ रोजी जळगावात बहिणाबाई गेल्या, तोवर त्यांचे पुस्तक निघालेले नव्हते. आई गेल्यावर सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्रे यांना दाखवली. अत्र्यांनी आग्रह धरला, प्रस्तावना लिहिली आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून आले. १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटामुळे काही गाणी महाराष्ट्रभर गेली. जळगावचे विद्यापीठ १९९० साली स्थापन झाले, त्याला २०१८ मध्ये त्यांचे नाव मिळाले. धुळे, नंदुरबारकडच्या अहिराणी बोलणाऱ्या पोरांच्या पदवीच्या कागदावरही आता ते असते.

टिपून घेतली ती गाणी थोडी. बाकीची वावरात म्हटली गेली आणि तिथेच राहिली. बांधाच्या पलीकडे निंदणी करणाऱ्या दुसऱ्या बाया काय गात होत्या, तेही कोणी लिहून घेतले नाही. त्यांच्या घरी सोपान नव्हता.