पंडिता रमाबाई : श्रद्धा आणि सेवा

आधी देवावर श्रद्धा की आधी सत्कर्म, हा प्रश्न सर्वच धर्मांतील विचारी माणसांना पडत आलेला आहे. ख्रिस्ती धर्मात तर तो अगदी पहिल्या शतकापासून आहे. संत पौलाने आपल्या पत्रांतून असे शिकविले की, तारण माणसाच्या कर्माने विकत घेता येत नाही. ते देवाच्या कृपेने व श्रद्धेच्या द्वारे लाभते. उलट याकोबाच्या पत्रात बजाविले आहे की, उपाशी भावंडाला नुसता आशीर्वाद देऊन वाटेस लावणारी श्रद्धा निर्जीव होय. या दोहोंचा मेळ कसा घालावा यावर युरोपात मोठमोठे वाद माजले. पण आपल्या महाराष्ट्राने जिला आपली मानली त्या एका स्त्रीने हा मेळ स्वतःच्या आयुष्यात घालून दाखविला. ती स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांच्या चरित्राकडे या एका दृष्टीने पाहावे असे वाटते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान. लोकनिंदेला न जुमानता त्यांनी आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविले, आणि त्या मातेने रमेला. सारे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत देशभर हिंडे. व्रते, उपवास, दानधर्म यांत कसूर नव्हती. पुढे मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. होते नव्हते ते दानात व पोटात गेले, आणि थोड्याथोड्या अंतराने वडील, आई व थोरली बहीण यांनी डोळे मिटले. आईच्या अखेरच्या दिवसांत रमाबाई शेजारच्या घरी बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागावयास गेल्या. पण दाराशी उभे राहिल्यावर त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. पुण्य जोडण्यासाठी जन्मभर कर्मे केलेल्या घराची ही दशा त्यांच्या मनात खोल रुतून बसली.

पुढे भाऊ श्रीनिवास याच्याबरोबर त्या पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोचल्या. तेथील पंडितांनी त्यांस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह केला. परंतु १८८२ च्या आरंभी पतीही पटकीने गेले. कडेवर मनोरमा, वय अवघे तेवीस. अशा स्थितीत त्या पुण्यास आल्या व त्याच साली त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. आपल्यासारख्या मंडळांची ती आजीच म्हणावयास हवी.

१८८३ साली त्या शिक्षणासाठी इंग्लंडास गेल्या व वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या. लंडनमधील फुलहॅम येथे या भगिनींचे एक आश्रयगृह होते. समाजाने टाकून दिलेल्या, वाट चुकलेल्या स्त्रियांची तेथे मायेने शुश्रूषा होई. रमाबाईंनी हे पाहिले आणि त्या थक्क झाल्या. अशा स्त्रियांना शासन करावे एवढेच त्यांनी आजवर ऐकले होते. ही करुणा कोठून येते, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील, विहिरीवर ख्रिस्ताला भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाई व चिमुकली मनोरमा यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे दुसऱ्यांच्या सत्कर्माने त्यांना श्रद्धेच्या दारापर्यंत आणले.

तरी त्या डोळे मिटून कोणाच्या मागे गेल्या नाहीत. धर्ममतांविषयी मठातील गुरूंशी त्यांनी पत्रांतून कसून वाद घातला. शाकाहार त्यांनी जन्मभर सोडला नाही.

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. तेथे त्यांनी हिंदी विधवांची स्थिती व्याख्यानांतून व पुस्तकातून मांडली, आणि बोस्टन येथे त्यांच्या साह्यार्थ एक मंडळी उभी राहिली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढील साली ते पुण्यास आले. पहिल्या विद्यार्थिनी गोदूबाई. याच पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या.

बाहेरून पाहता काम उत्तम चालले होते. परंतु १८९१ च्या सुमारास रमाबाईंना अंतरी पोकळी जाणवू लागली. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला खरा, पण प्रत्यक्ष ख्रिस्त आपणास लाभला नाही, असे त्यांना कळून आले. धर्म बदलला तरी आपल्या योग्यतेवर पुण्य मिळविण्याची जुनी धडपड आत तशीच चालू होती! ती त्यांनी टाकली आणि देवाची क्षमा निखळ देणगी म्हणून घेतली. कोणी म्हणेल, मग सेवेचे कारण काय उरले? रमाबाईंचे पुढील आयुष्य हेच त्याचे उत्तर आहे.

१८९३ साली कसोटी आली. सदनात धर्माच्या बाबतीत कोणावर सक्ती करावयाची नाही असे ठरलेले होते. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि काही मुली आपण होऊन तेथे बसत. पुण्यात वादळ उठले. ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली, रानडे, भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतक सल्लागारांनी अंग काढून घेतले, पालकांनी वीस-पंचवीस मुली घरी नेल्या. विश्वासाने सोपविलेल्या मुलींविषयी पालकांना वाटणारी काळजी खोटी नव्हती, हेही म्हटले पाहिजे. रमाबाईंनी मात्र काम टिकविण्यासाठी श्रद्धा लपविली नाही, आणि लोक रागावले म्हणून कामही सोडले नाही.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातमी ऐकताच स्वतःची उपासमार त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. हाती पुरेसा पैसा नसता त्या निघाल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना पुण्यात ठेवता येईना. म्हणून फळबागेसाठी घेतलेल्या केडगावच्या जमिनीवर झोपड्या उभ्या राहिल्या. हेच मुक्ति सदन. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या व संख्या दोन हजारांच्या घरात गेली. ठराविक उत्पन्न नव्हते. प्रार्थना आणि मिळेल ती देणगी यांवर सारा भार. पण प्रार्थना करून हात जोडून बसणे तेथे नव्हते. शेती, गोठा, हातमाग, तेलाचा घाणा, छापखाना ही सर्व कामे स्त्रियाच चालवीत. अंध मुलींना मनोरमा ब्रेल शिकवी. आणि फुलहॅमची ती आठवण? टाकलेल्या स्त्रियांसाठी केडगावी कृपा सदन उभे राहिले. नावातच सर्व आले: जी कृपा आपणास फुकट मिळाली, तीच पुढे द्यावयाची.

अखेरची वर्षे त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून, साध्याभोळ्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर करण्यात घालविली. १९२१ साली मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनीही देह ठेवला. भाषांतर त्यांच्यामागून, १९२४ साली, केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडले. मुक्ति मिशनचे काम आजही चालू आहे.

भगिनींनो, आपण निरनिराळ्या घरांतून व निरनिराळ्या श्रद्धांतून मंडळात येतो. रमाबाईंचे प्रत्येक मत आपणास पटेलच असे नाही. पण पुण्याचा हिशेब मांडून केलेली सेवा आभार मिळाले नाहीत की थकते, हे आपण सर्वजणी जाणतो. रमाबाईंनी तो हिशेब मिटविला होता. म्हणूनच मित्र सोडून गेले तरी त्यांच्या दारी आलेली मुलगी परत गेली नाही. भाकरीच्या तुकड्यासाठी जिला तोंड उघडता आले नव्हते, तिने मागण्याची वाट न पाहता हजारो ताटे वाढली.