रेव्हरंड ना. वा. टिळक आणि मागे राहिलेल्यांचा प्रश्न

वाचकहो, तुमच्या घरी असा प्रसंग आला असेलच. तुम्ही धम्मदीक्षा घेतलीत, देव्हारा उतरवलात, भिंतीवर भगवान बुद्धांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा लावलीत. पण म्हातारी आई आपले टाक सोडायला तयार नाही. आजोबा तर दीक्षा न घेताच गेले. मग रात्री मनात विचार येतो की, त्यांचे काय? ते वाया गेले काय?

लोणखेडा-शहादा भागातील कुटुंबांना हा प्रश्न आणखी एका बाजूने ऐकू येतो. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात, विशेषतः नवापूरकडे, ख्रिस्ती मंडळ्या आहेत आणि चिंचपाड्याचे मिशनचे इस्पितळ सर्वांच्या परिचयाचे आहे. त्यांच्यातील एखादा प्रचारक सांगतो की, ख्रिस्तावर विश्वास ठेवल्यावाचून तारण नाही. तारण म्हणजे पापातून आणि नरकातून सुटका. मग ज्यांनी ख्रिस्ताचे नावच ऐकले नाही त्यांचे तारण कसे व्हावे? हा प्रश्न ख्रिस्ती लोकांनी स्वतःलाही शेकडो वर्षे विचारला आहे, आणि त्यांचे उत्तर सदा एकच राहिलेले नाही. हे समजून घेण्यासाठी महाराष्ट्रातील एका प्रसिद्ध धर्मांतरिताचे जीवन पाहू. ते म्हणजे कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक.

त्याआधी थोडा मागचा इतिहास सांगतो. 1442 साली फ्लॉरेन्स येथील परिषदेत रोमन चर्चने ठराव केला की, चर्चच्या बाहेर राहून मरणाऱ्या कोणाचेही तारण होणार नाही. हाच विश्वास घेऊन फ्रान्सिस झेवियर 1542 साली गोव्यात आला व 1549 साली जपानात गेला. जपान हा बौद्धांचा देश. तेथे नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांनी त्याला आपल्या मेलेल्या आईबापांविषयी विचारले. त्यांना आता सुटका नाही, असे उत्तर मिळाल्यावर ती माणसे रडली. ही हकीकत झेवियरने स्वतः आपल्या पत्रात लिहून ठेवली आहे. त्याचे शव आजही जुन्या गोव्यातील बॉम जेझूच्या चर्चमध्ये आहे. त्या जपानी माणसांचे रडणे तुम्हाला समजेल, कारण तुमचेही वाडवडील दीक्षेवाचून गेलेले आहेत.

आता टिळकांकडे वळू. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे 1861 साली एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आई जानकीबाई भाविक व प्रेमळ होती. वडील कडक स्वभावाचे होते. आई लवकर वारली आणि मुलगा घर सोडून नाशिकला गेला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्याने संस्कृतचा अभ्यास केला. 1880 साली नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मुलीशी त्यांचे लग्न झाले. याच पुढे 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक होत.

टिळक एका ठिकाणी टिकणारे नव्हते. कधी शिक्षक, कधी कीर्तनकार, कधी संपादक अशी त्यांची भटकंती चाले. जातिभेदाने आपला देश खचला आहे असे त्यांचे मत बनत गेले. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एक युरोपियन गृहस्थ भेटला. त्याने टिळकांच्या हाती नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांनी पुस्तक वाचायला घेतले, आणि येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर ते त्यांना सोडवेना. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आणि येथेच आपला प्रश्न त्यांच्या स्वतःच्या दारी आला. लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. नवरा बाटला या धक्क्याने ती बाई खचून गेली. लहानग्या दत्तूला घेऊन ती नातेवाइकांच्या आश्रयाने राहिली. आता विचार करा. टिळकांच्या नव्या धर्माचे जुने उत्तर खरे मानले, तर त्यांची पत्नी आणि मुलगा दोघेही बुडालेल्यांत जमा होत होते. लहानपणी त्यांना देवभक्ती शिकवणारी आईही त्यांतच. एखाद्या माणसाने घाबरून बायकोवर जबरदस्ती केली असती, नाहीतर तिला कायमची सोडून दिली असती. टिळकांनी दोन्ही केले नाही. त्यांचा स्वभाव तापट होता, भांडणेही होत. तरी त्यांनी पत्नीशी संबंध तोडला नाही, दुसरे लग्न केले नाही, ते वाट पाहत राहिले.

काही वर्षांनी लक्ष्मीबाई अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) आल्या. आल्या त्या आपले सोवळे घेऊनच. पाणी वेगळे, चूल वेगळी. त्या भागातील ख्रिस्ती मंडळ्यांत बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजातून आलेले होते, आणि लक्ष्मीबाई त्यांच्या हातचे पाणी पीत नसत. पण हळूहळू त्यांच्याच मनात प्रश्न उभा राहिला. जाती देवाने केल्या की माणसाने? माणूस जन्मतो एकाच तऱ्हेने आणि मरतोही एकाच तऱ्हेने, मग हा विटाळ आला कोठून? उत्तर मिळताच त्यांनी सोवळे टाकून दिले. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो त्यानंतर. वाचकहो, हा क्रम लक्षात ठेवा. त्यांच्या मनातून आधी जात गेली, मग त्यांचा धर्म बदलला. आपल्यात काहींचा धर्म बदलतो आणि पोटजात मात्र सोयरिकीच्या वेळी पुन्हा वर येते.

टिळक ज्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करीत होते, तेथेही या प्रश्नावरून आधी वादळ होऊन गेले होते. रॉबर्ट ह्यूम हे मुंबईत जन्मलेले मिशनरी अहमदनगरला सेमिनरी चालवीत. 1886 साली अमेरिकेत रजेवर असताना त्यांनी एक विचार बोलून दाखविला. ज्यांना या जन्मात ख्रिस्ताचे नाव ऐकायला मिळाले नाही, त्यांना मृत्यूनंतर ती संधी मिळेल अशी आशा बाळगायला हरकत नसावी, असा तो विचार होता. एवढ्यावरून मिशनच्या बोर्डाने त्यांचे हिंदुस्थानात परतणे अडवून धरले! बराच वाद झाल्यावर 1887 साली त्यांना परत पाठविण्यात आले. हिंदूंमध्ये राहून काम करणाऱ्याला ते सारे नरकात जाणार असे म्हणणे जड जात होते. दूर बॉस्टनमध्ये बसलेल्यांना ते सोपे वाटत होते.

टिळकांनी या वादाचे उत्तर आपल्या जगण्यातून दिले. 1904 साली ते पाळक झाले. पण विलायती चालीची उपासना त्यांना परकी वाटे. त्यांनी ख्रिस्ती मंडळीत अभंग, ओवी आणि कीर्तन आणले, शेकडो भक्तिगीते रचली. तुकोबांच्या अभंगांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो असे ते उघडपणे सांगत. यहुदी लोकांना जसा जुना करार, तसे आपल्याला आपले संत, अशी त्यांची धारणा होती. ज्या तुकोबांनी आपल्याला वाट दाखवली, त्यांना देवाने दूर लोटले असे ते कसे मानणार? खानदेशातील धरणगावचे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे बालकवी, त्यांच्या घरी मुलासारखे राहिले आणि शेवटपर्यंत ख्रिस्ती झाले नाहीत. त्यामुळे त्या घरातील माया काही कमी झाली नाही.

शेवटी 1917 साली टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्यांनाही. ख्रिस्ताला मानतो पण मंडळीत नाव घातलेले नाही, अशा माणसाला त्यांनी आपला बंधू म्हटले. अनेकांना ही गोष्ट रुचली नाही. पण टिळकांना फार दिवस मिळाले नाहीत. 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले आणि त्यांच्यामागे दरबार टिकला नाही. त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे काव्य लक्ष्मीबाईंनी पुरे केले.

टिळकांनी आपले दार उघडले त्यानंतर सत्तेचाळीस वर्षांनी, 1964 साली, रोमन चर्चनेही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत आपली भूमिका सौम्य केली. ज्यांना स्वतःचा दोष नसताना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे प्रामाणिक मनाने सद्सद्विवेकाला धरून चालतात, त्यांचे तारण होऊ शकते असे परिषदेने म्हटले. दुसरीकडे, स्पष्ट विश्वासावाचून तारण नाही असे ठामपणे मानणारे ख्रिस्ती पंथ आजही आहेत. तेव्हा कोणी प्रचारक भेटला तर त्याच्याशी भांडू नका. त्याच्याच धर्मात याविषयी किती मते आहेत ते त्याला शांतपणे विचारा.

टिळकांचा मोठेपणा मान्य करूनही एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्यांनी दार रुंद केले, पण तारणारा एकच राहिला. बाहेरच्याला आत घ्यायचे तर त्याला ख्रिस्ताच्या खात्यावरच मांडावे लागते. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात हाच फरक दाखविला आहे. तथागत मोक्षदाता नाहीत, मार्गदाता आहेत. त्यांनी तारणाचे वचन दिले नाही, म्हणून कोणाला तारणातून वगळलेही नाही. माणूस आपल्या आचरणाने उठतो आणि आचरणानेच पडतो.

म्हणून तुमचे आजोबा दीक्षेवाचून गेले याचा घोर लावून घेऊ नका. उपाशी राहून त्यांनी मुलांना वाढविले असेल, कोणाचे वाईट चिंतले नसेल, तर ते वाया गेले असे धम्म म्हणत नाही. आणि आई अजून टाक पुजत असेल तर तिला घालून पाडून बोलू नका. वैशालीचा सेनापती सिंह हा निगंठांचा उपासक होता. तो भगवंतांना शरण आला तेव्हा भगवंतांनी त्याला सांगितले की, तुझ्या दारी येणाऱ्या निगंठांना पूर्वीप्रमाणेच भिक्षा देत जा. आपण त्रिशरण घेतले म्हणजे जुन्या माणसांना दार लावून घेतले असे नाही.

तुम्ही स्वतः मात्र पुन्हा टाकांपुढे हात जोडू नका; बावीस प्रतिज्ञा तुम्ही घेतल्या आहेत. आईशेजारी बसा, तिला जेवू घाला, संध्याकाळी घरात वंदना म्हणा, दारू आणि जात दोन्ही घराबाहेर ठेवा. टिळकांनी पाच वर्षे वाट पाहिली आणि लक्ष्मीबाई स्वतःच्या विचाराने आल्या. तुमची आईही आली तर स्वतःच्या पायांनी येऊ द्या. आणि नाही आली, तरी ती तुमची आईच आहे.