पुण्यश्लोक अहिल्याबाई : विपत्तीतील ईश्वरनिष्ठा

सुखाच्या दिवसांत देवावर भार टाकणे फारसे अवघड नसते. घरात धान्य आहे, मुलेबाळे सुखरूप आहेत, शरीर धडधाकट आहे, अशा वेळी हा सारा संसार ईश्वराच्या हाती आहे असे म्हणताना जीभ अडखळत नाही. परंतु अंतःकरणपूर्वक केलेली प्रार्थना विफल होऊन प्रिय माणूस डोळ्यांदेखत निघून जाते, तेव्हा मात्र सूत्रे खरोखर कोणाच्या हाती आहेत, अशी शंका मोठमोठ्या भाविकांच्या मनातही डोकावते. त्या शंकेला उत्तर हवे असेल तर देवी अहिल्याबाई होळकर यांच्या चरित्राकडे पाहावे. आपण त्यांचे स्मरण घाट व मंदिरे बांधणारी दानशूर राणी म्हणून करतो, आणि ते योग्यच आहे. पण त्या दानशूर हातांनी किती जणांना अखेरचा निरोप दिला होता, इकडे आपले लक्ष सहसा जात नाही.

आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडी या खेड्यात, गावचे पाटील माणकोजी शिंदे यांच्या घरी इ. स. १७२५ मध्ये त्यांचा जन्म झाला. सुभेदार मल्हारराव होळकर यांचे चिरंजीव खंडेराव यांच्याशी १७३३ च्या सुमारास त्यांचा विवाह झाला आणि खेड्यातील ही मुलगी माळव्यात होळकरांची सून होऊन आली. पुढे मालेराव हा पुत्र व मुक्ताबाई ही कन्या अशी दोन अपत्ये त्यांना झाली. भरल्या घरातील ही सून अठ्ठावीस वर्षांची असताना पहिला आघात झाला. १७५४ मध्ये सूरजमल जाटाच्या कुंभेर किल्ल्याला मराठी फौजांचा वेढा पडला असता तोफेचा गोळा लागून खंडेराव धारातीर्थी पडले. अहिल्याबाईंनी सती जाण्याचा निश्चय केला. परंतु पुत्रशोकाने खचलेल्या वृद्ध सासऱ्यांनी आता तूच माझा पुत्र अशा भावनेने त्यांना परावृत्त केले. आपल्या निश्चयापेक्षा वडिलांचा शब्द त्यांनी मोठा मानला.

मल्हाररावांनी सुनेला दुःखात बसू दिले नाही. वसुलीचे हिशेब, तोफा व दारूगोळ्याची सिद्धता, फौजेची रसद अशी कामे ते त्यांच्यावर सोपवू लागले. पानिपतचा घोर प्रसंग १७६१ मध्ये झाला. त्याच वर्षी मायाळू सासूबाई गौतमाबाई निवर्तल्या. १७६६ च्या मे महिन्यात आलमपूर येथे खुद्द मल्हाररावांनी देह ठेवला. सुभेदारीची वस्त्रे नातवाला, म्हणजे मालेरावांना मिळाली. या पुत्राच्या वर्तनाने मातेला सुख लाभले नाही. वर्षही पुरे झाले नाही तोच मालेरावांना विलक्षण आजार जडला आणि त्यांची बुद्धी भ्रमिष्ट झाली. माता रात्रंदिवस त्यांच्या उशाशी बसून अश्रू ढाळीत देवाची करुणा भाकीत होती. मुलगा वाचला नाही. १७६७ मध्ये मालेराव गेले, तेव्हा बाईंचे वय अवघे एकेचाळीस वर्षांचे होते.

त्या मातेने प्रार्थनेत काही उणे ठेवले नव्हते. तरीही मागितलेले मिळाले नाही. अशा वेळी देवाशी अबोला धरणारे पुष्कळ असतात. बाईंनी तसे केले नाही. आणि शोक करण्यासही त्यांना उसंत मिळाली नाही. होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी एखादे मूल दत्तक घेऊन कारभार आपल्या हाती ठेवण्याचा बेत केला व त्यासाठी राघोबादादांना पाचारण केले. दादासाहेब फौजेनिशी उज्जयिनीकडे आले. घरात कर्ता पुरुष नाही आणि राज्याच्या वेशीवर आपल्याच धन्याची फौज उभी आहे, असा तो प्रसंग होता. बाईंनी देवावर भरवसा ठेवला, पण देवघराचे दार लावून त्या बसल्या नाहीत. शिंदे, गायकवाड, भोसले या सरदारांना त्यांनी पत्रे पाठविली. तुकोजी होळकरांना सैन्य देऊन क्षिप्रेच्या तीरावर उभे केले. पुण्यास माधवराव पेशव्यांकडे दाद मागितली. स्त्रीवर विजय मिळविला तर त्यात कीर्ती नाही आणि पराभव झाला तर अपकीर्तीला पार नाही, हेही त्यांनी दादासाहेबांना सुचविल्याचे सांगतात. अखेरीस दादासाहेबांनी आपण समाचारास आलो आहोत असे म्हणून शस्त्र आवरले. माधवरावांनीही बाईंचा अधिकार मान्य केला. रक्ताचा एक थेंबही न सांडता राज्य वाचले.

त्यानंतर बाईंनी नर्मदातीरी महेश्वर येथे राजधानी नेली. हे राज्य श्रीशंकराचे असून आपण केवळ त्याच्या कारभारीण आहोत, असा त्यांचा भाव होता. राजाज्ञेवर त्या स्वतःच्या नावाऐवजी श्रीशंकराचे नाव घालीत, अशी परंपरा आहे. हा भाव त्यांच्या दिनचर्येतही दिसून येई. माळव्यातील जुन्या लोकांकडून माहिती घेऊन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने ती नोंदवून ठेवली आहे. सूर्योदयापूर्वी उठून स्नान, पूजा व पुराणश्रवण. मग दानधर्म व अन्नदान. साधे भोजन व थोडी विश्रांती. दुपारी दोनच्या सुमारास दरबार, तो सायंकाळी सहापर्यंत. पुन्हा पूजा व फराळ. आणि रात्री नऊ ते अकरा पुन्हा राज्याचे काम. आपल्या प्रत्येक कृत्याचा जाब ईश्वराला द्यावयाचा आहे, ही जाणीव त्यांना क्षणभरही सोडीत नसे. एका विद्वानाने त्यांची स्तुती करणारा ग्रंथ रचून आणला, तो त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि नर्मदेत टाकावयास सांगितले. जे राज्य आपले नाही, त्याची स्तुती तरी आपण कशी स्वीकारावी?

अखेरच्या वर्षांत पुन्हा आघात झाले. मुक्ताबाईंचा तरुण पुत्र नथ्याबा आजीच्या डोळ्यांदेखत गेला आणि १७९१ मध्ये जामात यशवंतराव फणसेही निवर्तले. मुक्ताबाईंनी सहगमनाचा निर्धार केला. बाईंनी माता म्हणून विनविले, राणी म्हणून समजाविले. पण एकुलत्या एक कन्येने ऐकले नाही. नर्मदेच्या काठी तो अग्नी सहासष्ट वर्षांच्या मातेला उघड्या डोळ्यांनी पाहावा लागला. ईश्वरनिष्ठ मनाला दुःख होत नाही असे कोणी समजू नये. बाई त्या वेळी शोकाने बेभान झाल्या. लोकांनी त्यांना धरून ठेवले. तीन दिवस त्यांनी जवळजवळ अन्न घेतले नाही आणि मुखातून शब्द काढला नाही. त्यानंतर त्या उठल्या. कन्या व जामात यांच्या स्मरणार्थ त्यांनी सुंदर वास्तू उभारविली, आणि रयतेची गाऱ्हाणी ऐकण्याचे काम पूर्ववत सुरू झाले.

याच दुःखी जीवनातून भरतखंडभर धर्मकार्य उभे राहिले. इ. स. १६६९ मध्ये उद्ध्वस्त झालेले काशीविश्वेश्वराचे मंदिर १७८० च्या सुमारास पुन्हा उभे राहिले. सोमनाथाला १७८३ मध्ये नवे मंदिर लाभले. गयेचे विष्णुपद व वेरूळचे घृष्णेश्वर येथेही त्यांचे हात पोहोचले. उत्तरेच्या हिमाच्छादित तीर्थांपासून रामेश्वरापर्यंत घाट, विहिरी, धर्मशाळा व अन्नछत्रे झाली. या धर्मकार्याचा खर्च मुख्यतः त्यांच्या खासगी उत्पन्नातून होई. वाटसरूंसाठी व नांगरणीच्या बैलांसाठी पाणी, पक्ष्यांसाठी राखलेली शेते, इतक्या बारकाईने त्यांची दया वाहत असे. ज्या मातेचे घर रिकामे झाले, तिने सर्व देश आपले घर मानला. १३ ऑगस्ट १७९५ रोजी, सत्तराव्या वर्षी, त्यांनी महेश्वरी देह ठेवला. तेथे मातीची लहान शिवलिंगे करून पूजा करण्याची व ती नर्मदेत विसर्जित करण्याची त्यांची प्रथा आजही चालू आहे.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी आज काही ना काही चिंता असेल. कोणाच्या घरी दुखणे असेल, कोणाच्या घरी नुकताच मृत्यू घडून गेला असेल. अहिल्याबाईंचे चरित्र आपल्याला दुःख टळेल असे आश्वासन देत नाही. त्यांचे टळले नव्हते. मात्र ज्याच्या हाती सर्व सूत्रे आहेत, त्याने आपल्यावर सोपविलेले आजचे काम आजच करावे, आणि फळ व आयुष्य त्याच्या चरणी ठेवावे, एवढे त्यांनी अठ्ठावीस वर्षे आचरून दाखविले. देवळातून घरी परतताना हे स्मरण बरोबर नेले, तर उद्याची सकाळ थोडी सोपी होईल.