शरणपूरचा जेकब वेनराइट

वसतिगृहात वाढलेल्या मुलांविषयी लिहिण्याचे ठरले, तेव्हा आम्हांस नाशिकच्या एका विद्यार्थ्याचे स्मरण झाले. नागापूरहून नाशिक फार दूर नाही. तेथील शरणपूर रस्ता आपल्यापैकी अनेकांच्या पायांखालचा आहे. परंतु त्या शरणपुरात एकोणिसाव्या शतकात आफ्रिकेतील मुले शिकत होती, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

जेकब वेनराइट पूर्व आफ्रिकेतील याओ जमातीचा. हे नाव त्याचे जन्माचे नव्हे. ते मिशनने दिलेले. बालपणीच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती सापडला. इंग्रजी आरमाराने गलबत अडवून त्याची सुटका केली आणि पुढे तो शरणपूरच्या मिशनशाळेत आला. तेथे अशा मुलांना लिहिण्यावाचण्याबरोबर सुतारकाम, लोहारकाम शिकवीत.

डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांनी 1865 साली येथूनच नऊ मुले निवडली आणि जानेवारी 1866 मध्ये त्यांना घेऊन मुंबई सोडली. नाईल नदीचा उगम शोधावयाचा होता. जेकबची पाळी आली ती 1872 मध्ये. स्टॅन्ली यांनी लिव्हिंग्स्टनच्या मदतीस किनाऱ्यावरून सत्तावन्न माणसे धाडली. त्यांत जेकब, मॅथ्यू वेलिंग्टन, कारस फॅरर असे नाशिकचे तरुण होते. ज्या मुलुखातून माणसे साखळदंडात समुद्राकडे हाकली जात, त्याच मुलुखात हे तरुण आता पगारी माणसे म्हणून समुद्राकडे पाठ फिरवून निघाले. त्या पहिल्या मुक्कामी त्यांच्या मनात काय दाटले असेल, याचा आम्ही पुष्कळदा विचार केला आहे. ऑगस्टमध्ये ही तुकडी उन्यान्येंबे येथे पोहोचली आणि त्याच महिन्यात सर्वांनी दक्षिणेची वाट धरली.

पुढे पाऊस, दलदल, आजार. 1 मे 1873 रोजी चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन निवर्तले. जुने सोबती सुसी आणि चुमा यांनी देह मायदेशी पाठविण्याचा निश्चय केला. हृदय झाडाखाली पुरले. जेकबने प्रार्थना वाचली, झाडावर अक्षरे कोरली आणि सामानाची यादी लिहून काढली. देहास मीठ लावून तो चौदा दिवस उन्हात वाळविला, साल व कापडात गुंडाळला. उन्यान्येंबे येथे भेटलेल्या इंग्रज अधिकाऱ्याने, कॅमेरॉनने, तो तेथेच पुरण्याचा सल्ला दिला. त्यांनी मानला नाही. पुढे एका गावाने प्रेत नेण्यास हरकत घेतली, तेव्हा काटक्यांचे खोटे गाठोडे करून देह परत पाठविल्याचा बहाणा केला. फेब्रुवारी 1874 मध्ये, हजार मैलांच्या वर चालून, तो बागामोयोच्या किनाऱ्यास आला.

जेकब देहासोबत इंग्लंडला गेला. 18 एप्रिल 1874 रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटीला हात देणाऱ्यांत तो एकटाच आफ्रिकी होता. सुसी व चुमा अंत्यविधीनंतर पोहोचले. ज्यांनी हे सारे घडविले त्यांची ही उपेक्षाच झाली. जेकबला इंग्रजी लिहिता-बोलता येई, म्हणून मान त्याच्याकडे गेला. यात त्याचा दोष आम्हांस दिसत नाही. पण सुसी आणि चुमा यांचे नाव घेतल्याविना त्याचे चरित्र सांगणे आम्हांस रुचत नाही.

त्याने लिहिलेली रोजनिशी जर्मन भाषांतरात प्रसिद्ध झाली. तो आफ्रिकेस परतला आणि 1892 मध्ये, आज टांझानियात असलेल्या उरांबो येथे मरण पावला. त्याची कबर तेथेच आहे.